वत्सलाबाई येतात किती वाजता

नवनाथ इलेक्ट्रॉनिक्स,
इंदिरानगर, नाशिक.
गुरुवार, १२ मार्च. दुपारचे ३ वाजून ४० मिनिटे.
(ही वेळ तीन घड्याळांत ताडून लिहिली आहे. का, ते पुढे येईल.)

आदरणीय झुंबरदाजी,

नवनाथचा तुम्हाला आणि भिमाताईला मनापासून जय भीम. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. (गेल्या वेळी तुम्ही उजवा म्हणाला होतात आणि ताई डावा. दोन्ही दुखत असतील तर तसं लिहा, पण काय ते एकदा ठरवून लिहा. मागच्या खेपेला यावरून आमच्याकडे सरिताची आणि माझी जेवण होईपर्यंत चर्चा चालली होती, आणि पुरावा कोणाकडेच नव्हता.) ताईची साखर उपाशीपोटी किती आणि जेवणानंतर किती, हे वेगवेगळं कळवावं. ती फोनवर नुसतं "बरी आहे" म्हणते, आणि बरी हे काही साखरेचं माप नव्हे. इकडे सगळे ठीक. सरिताला सर्दी होती ती गेली. संजनाची शेवटच्या वर्षाची परीक्षा एप्रिलात आहे, त्यामुळे ती सध्या अभ्यास सोडून घरातल्या सगळ्या गोष्टींत लक्ष घालते.

फोन असताना पत्र कशाला, असं ताई म्हणेल. तिला सांगा, ज्या माणसाने मनमाड जंक्शनवर छत्तीस वर्षं कुठली गाडी किती वाजता आली आणि किती वाजता गेली एवढंच कागदावर मांडलं, त्याचे आभार फोनवर मानणं मला बरं वाटेना. फोनवरचं बोलणं हवेत जातं. कागदावरचं तुम्ही फायलीला लावता, हे मला माहीत आहे. तर हे पत्र आभाराचं आहे. फायलीला लावलंत तरी चालेल.

आभार कशाचे, हे तुमच्या लक्षात नसणारच. परवाच्या रविवारी, म्हणजे ८ मार्चला, सकाळी ९ वाजून १७ मिनिटांनी मी तुम्हाला फोन केला होता. बोलणं सहा मिनिटं झालं, त्यातली साडेपाच मी बोललो. माझ्या हजेरीच्या यंत्राने गंगापूर रोडच्या मुलींच्या वसतिगृहात एक कामचुकार बाई कशी पकडून दिली, आणि समितीच्या सेक्रेटरींनी माझ्याकडून तसं लेखी कसं घेतलं, हे सांगत होतो. तुम्ही ऐकून घेतलंत आणि चारच शब्द बोललात. "ती येते किती वाजता?" तेवढ्यात ताईने आंघोळीचं पाणी निवतंय म्हणून हाक मारली आणि तुम्ही फोन ठेवलात. दाजी, त्या चार शब्दांसाठी मी तुमचा जन्मभर ऋणी आहे. पण त्या शब्दांनी काय केलं हे तुम्हाला कळायचं तर सगळं पहिल्यापासून सांगायला हवं, कारण रविवारी मी तुम्हाला फक्त माझा मान वाढवणारा भाग सांगितला होता.

तर ऐका. वसतिगृहाचं नाव लिहीत नाही, पत्र कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. (तसं ते संघर्षच्या हाती देणार आहे. आमच्या शेजारचा, रेल्वेत तुमच्याकडे लागलेला. तो उघडून वाचणार नाही, पण त्याच्या डब्याजवळ ठेवेल आणि त्यावर तेल सांडेल, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आहे.) जानेवारीत तिथे मी अंगठा लावायचं हजेरीचं यंत्र बसवलं. हे साधं यंत्र नव्हे. ते इंटरनेटला जोडलेलं असतं. कोणी अंगठा लावला की त्याची नोंद वेळेसकट सरळ सेक्रेटरींच्या संगणकावर जाते. सेक्रेटरी म्हणजे खंडेराव बोरस्ते. मखमलाबादला द्राक्षबाग, शहरात ट्रस्टचं काम. माणूस भला, पण छापलेल्या कागदावर त्यांची फार श्रद्धा. यंत्राबरोबर चौसष्ट पानांचं पुस्तक आलं होतं, ते मी दोनदा वाचलं. बाकीचे बसवणारे ते पुस्तक खोक्यातच ठेवतात आणि खोकं भंगारात देतात. मी तसा नाही. चौदाव्या वर्षी तुमच्याच लग्नात बंद पडलेला लाऊडस्पीकर मी उघडून चालू केला होता, तेव्हापासून जे शिकलो ते उघडून आणि वाचून. मला कोणी शिकवलं नाही, याचा मला अभिमान आहे. (त्याचा एक तोटा आहे, तो या आठवड्यात कळला. चूक झाली तर ती दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकता येत नाही.)

हे यंत्र पहिल्यांदा चालू केलं की ते आधी विचारतं, तुमचं शहर कुठलं? म्हणजे त्याला तिथली वेळ लावता येते. जगातल्या शहरांची ही मोठी यादी. मी वरून खाली आणि खालून वर वाचली. नाशिक नव्हतं, याचं वाईट वाटलं नाही. मुंबई नव्हती, याचं आश्चर्य वाटलं. (मनमाडही शोधलं. तुमची आठवण म्हणून.) आख्ख्या भारतातलं एकच शहर होतं, कोलकाता. आता दुसरा कोणी असता तर त्याने डोळे मिटून कोलकाता लावलं असतं. पण मला ते पटेना. कोलकात्याचा सूर्य आपल्या आधी जवळजवळ अठ्ठावन्न मिनिटं उगवतो, हे मी स्वतः हिशेब करून काढलेलं आहे. तिथल्या वेळेवर नाशिकच्या माणसाची हजेरी लावायची, हे कुठल्या न्यायात बसतं? म्हणून मी संजनाचा शाळेतला नकाशा काढला, फूटपट्टी घेतली आणि यादीतल्या शहरांपैकी नाशिकला सर्वांत जवळचं कुठलं ते मोजलं. नाशिक ते कोलकाता सात सेंटिमीटर आठ मिलिमीटर. नाशिक ते कराची साडेचार. कोलंबो मस्कत वगैरे त्याहून लांब. मी कराची लावलं.

सरिता चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, "अहो, पण ते दुसऱ्या देशात आहे." मी म्हणालो, सूर्याला पासपोर्ट लागत नाही. त्या वेळी हे उत्तर मला फार आवडलं होतं. (संध्याकाळी दोन गिऱ्हाइकांनाही ऐकवलं.)

शहर लावल्यावर यंत्राने वेळ दाखवली ती बरोबर अर्धा तास मागे. इथे शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. पण मी मनात म्हणालो, या परदेशी कंपन्या पूर्ण तासाचाच हिशेब धरतात, अर्ध्या तासाची किरकोळ बाब त्यांनी आपल्यासारख्यांवर सोडलेली असणार. आणि मी हाताने घड्याळ तीस मिनिटं पुढे केलं. सेकंदाला सेकंद जुळवलं, दाजी. माझ्या मनगटावरचं, मोबाइलमधलं आणि यंत्रातलं, तिन्ही एका क्षणाला पालटत होती. मला इतकं समाधान झालं की मी सरिताला बाहेर बोलावून ते दाखवलं. तिने बघितलं आणि म्हणाली, भाजी करपेल.

मग यंत्र वसतिगृहात भिंतीवर बसवलं आणि त्यावर जिथे वेळ दिसते नेमकी त्याच पट्टीवर आमच्या दुकानाचं स्टिकर लावलं. जाहिरातीसाठी नव्हे. यामागे अनुभव आहे. सातपूरला एका कारखान्यात असंच यंत्र बसवलं होतं. तिथे जो येई तो आधी यंत्रातली वेळ बघे, मग स्वतःच्या मनगटाकडे बघे आणि मग माझ्या नावाने ओरडे. कारण आपल्या लोकांची घड्याळं. कोणाचं घरचं दहा मिनिटं पुढे, कोणाचं गाडी चुकू नये म्हणून सात, कोणाचं सासऱ्याने दिलेलं म्हणून त्याला कोणी हातच लावत नाही. एकाने तर मला सांगितलं, तुमचं मशीन मागे आहे, आमच्या घरी सगळे याच वेळेवर जेवतात. तेव्हा मी ठरवलं, यापुढे वेळ झाकायची. वेळ दिसलीच नाही तर वाद कशावर घालतील? ("नवनाथ इलेक्ट्रॉनिक्स, अचूक कामाची खात्री" असं त्या स्टिकरवर छापलेलं आहे. ते तसंच राहू दे, पुढे लागेल म्हणून मुद्दाम लिहिलं असं समजू नका, पत्त्याखाली छापलेलं असतंच.)

यंत्र १५ जानेवारीला चालू झालं. त्यावर अंगठा लावणारे दोघेच. एक वत्सलाबाई, स्वयंपाक करतात, कामाची वेळ सकाळी सहा ते दुपारी दोन. पेठकडच्या आहेत, अकरा वर्षं याच वसतिगृहात. आणि दुसरा सुनील कारकून, दहा ते सहा. यंत्र दर महिन्याला अहवाल काढतं, आणि मी खंडेरावांना सोपं जावं म्हणून त्यात अशी सोय करून दिली की फक्त चुकाच छापून येतील, तांबड्या रंगात. उशिरा आलं तर ते, लवकर गेलं तर ते. बाकी काही नाही. नीट काम करणाऱ्याचा कागद कोरा. मला ही कल्पना फार सुंदर वाटली होती.

जानेवारीच्या अहवालात सुनील तांबडा. रोज अर्धा तास उशीर. २ फेब्रुवारीलाही तेच. आणि ४ तारखेपासून सुनील एकदम सुधारला. ठरल्या वेळेला हजर, ठरल्या वेळेला बाहेर. खंडेरावांनी मला फोन करून सांगितलं, "नवनाथराव, तुमच्या यंत्राने माणूस बदलला." महिनाअखेरीला त्याला शाल आणि नारळ दिला, वक्तशीर कर्मचारी म्हणून. मी कार्यक्रमाला होतो, दुसऱ्या रांगेत. फोटोत माझा खांदा आहे. सुनीलने भाषणात एवढंच सांगितलं की मी काही वेगळं केलेलं नाही. सगळ्यांना तो विनय वाटला.

आणि त्याच ४ तारखेपासून वत्सलाबाई तांबड्या. ४ ते २८ फेब्रुवारी, कामाचे दिवस बावीस, बावीसच्या बावीस दिवस अर्धा तास आधी घरी. दीडच्या ठोक्याला अंगठा. खंडेरावांनी त्यांना ऑफिसात बोलावलं आणि मलाही बोलावलं, यंत्राच्या बाजूने. बाई पदराला हात पुसत आल्या. कागद बघितला, त्यांना तो वाचता येतो, आणि म्हणाल्या, "मी दोनलाच निघते, भाऊ. पोरी कालेजातून दीडला येत्यात न् ताटावर बसत्यात. मंग दीडला मी घरी असंल, तर पोळ्या कोण वाढतंय? मशीन वाढतंय का?"

दाजी, हा पुरावा होता. समोर ठेवलेला, गरम पोळ्यांसकट. वर जाऊन कुठल्याही मुलीला विचारलं असतं तर संपलं असतं. पण मी काय केलं? मी त्यांना यंत्र कसं चालतं ते समजावून सांगितलं. पंचवीस मिनिटं. इंटरनेट म्हणजे काय, जगाची वेळ कुठून येते, माणसाची स्मरणशक्ती आणि यंत्राची नोंद यांत फरक काय. बाई उभ्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "भाऊ, माझी डाळ लागल." खंडेराव मात्र ऐकत होते. मला म्हणाले, "समितीपुढे ठराव ठेवायचाय, बाईंना कमी करण्याचा. अकरा वर्षांची बाई आहे, उद्या कोणी बोट दाखवायला नको. यंत्र चुकत नाही, असं तुम्ही लिहून देता?" आणि शनिवारी, ७ मार्चला, मी लिहून दिलं. दुकानाच्या छापील कागदावर, सहीशिक्क्यानिशी. "सदर यंत्र अचूक असून त्यातील नोंदींत एका मिनिटाचाही फरक पडणे शक्य नाही." ठराव येत्या रविवारी, १५ तारखेला, सकाळी ११ वाजता समितीपुढे यायचा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुम्हाला फोन केला. शाबासकी मिळेल म्हणून, खोटं कशाला बोलू. आणि तुम्ही विचारलंत, ती येते किती वाजता?

फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो असा की दाजींचं वय झालं. विषय जाण्याचा चालला आहे आणि हे येण्याचं विचारतात. मग चहा घेतला. मग पेपर वाचायला घेतला, पण एकच बातमी तीनदा वाचली. मला तुमची ती जुनी गोष्ट आठवत होती. एक गाडी मनमाडहून रोज वेळेआधी सुटते अशी तक्रार आली होती, तेव्हा तुम्ही चौकशीला आलेल्या साहेबांना म्हणाला होतात, सुटण्याचा कॉलम एकटा कधी वाचू नये, शेजारी येण्याचा असतो तो त्याचसाठी. माझ्या अहवालात येण्याचा कॉलमच नव्हता. तो मीच बंद केला होता, कारण लवकर येणं ही चूक नव्हे, आणि चूक नाही ते छापायचं नाही.

मी दुकान उघडलं (रविवार असून) आणि तिथल्या संगणकावर (बसवणारा म्हणून नोंदी मलाही दिसतात) सगळा अहवाल काढला, तांबडा काळा सगळा. वत्सलाबाई ४ तारखेपासून रोज सकाळी साडेपाचला हजर. बावीसच्या बावीस दिवस. अर्धा तास आधी येते आणि अर्धा तास आधी जाते अशी बाई एक तर वेडी असली पाहिजे, नाहीतर अर्धा तास बाईचा नसून दुसऱ्या कोणाचा तरी आहे. मी सुनीलचं पान काढलं. २ तारखेपर्यंत साडेदहा ते साडेसहा. ४ तारखेपासून दहा ते सहा. तो खरंच बोलला होता, त्याने काही वेगळं केलेलं नव्हतं. तो आजही साडेदहालाच येतो आणि साडेसहाला जातो, कारण त्याचा मेव्हणा त्याला साडेसहाला गाडीवर न्यायला येतो. शाल मात्र मिळाली.

मी तसाच स्कूटर काढून वसतिगृहात गेलो. वॉचमनला सांगितलं, यंत्र पुसायचं आहे. खिशातल्या पत्तीने स्टिकर खरवडायला घेतलं. चांगल्या प्रतीचं स्टिकर, दाजी, सहजासहजी निघत नाही. मीच छापखान्यात भांडून तो गोंद घेतला होता. निघालं तेव्हा मनगटावर ११ वाजून ५२ मिनिटं झाली होती आणि यंत्रात ११ वाजून २२. मी तिथल्या बाकावर बसलो. वॉचमनने पाणी आणून दिलं आणि विचारलं, "लय खराब झालंय का मशीन?" मी म्हणालो, मशीन नाही.

झालं होतं असं. ३ फेब्रुवारीला रस्ता खोदताना तिथली केबल तुटली आणि दिवसभर नेट बंद होतं. त्या दिवशी कोणाची हजेरीच लागली नाही. संध्याकाळी नेट आलं. एकदा जोडलेलं नेट तुटून पुन्हा आलं की हे यंत्र आधी जगाला विचारतं, खरी वेळ काय? उत्तर मिळालं की हाताने लावलेली वेळ टाकून देतं आणि आपण सांगितलेल्या शहराप्रमाणे नव्याने लावून घेतं. मी पुढे केलेली तीस मिनिटं त्याने पुसली आणि ते आपलं प्रामाणिकपणे कराचीला गेलं. त्याचा काही दोष नाही. पुस्तकात एकेचाळिसाव्या पानावर हे लिहिलेलं आहे. मी दोनदा वाचलेल्या पुस्तकात.

घरी येऊन संजनाला दाखवलं. तिने नकाशावरच्या माझ्या पेन्सिलीच्या रेघा बघितल्या. मग म्हणाली, "पप्पा, कोलकात्यात आत्ता किती वाजलेत?" मी म्हणालो, आपल्यापेक्षा अठ्ठावन्न मिनिटं जास्त. ती म्हणाली, "आत्याला फोन करा आणि विचारा, हावडा मेल मनमाडला आली की दाजी हावड्याचं वेगळं घड्याळ बघायचे का." मग माझ्या डोक्यात उजेड पडला. सूर्य कधीही उगवो, आख्ख्या देशाचं घड्याळ एकच आहे. यादीतलं कोलकाता म्हणजे कोलकाता नव्हेच, ते सगळ्या भारताच्या वेळेला दिलेलं नाव आहे. आणि कराचीची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, ती तिथल्या लोकांनी ठरवलेली. त्यात फूटपट्टीचं काही काम नाही. बावन्न वर्षांचा मी, दाजी, रेडिओवर रोज भारतीय प्रमाणवेळ ऐकत लहानाचा मोठा झालो.

मग संजनाच्या समोरच मी संगणकावर शहर बदलून पाहिलं. आणि एक चमत्कार बघितला. ही यंत्रं आतल्या आत आपली वेळ लिहीतच नाहीत. ती सगळ्या जगासाठी ठरलेली एकच वेळ लिहितात आणि दाखवताना तेवढी त्या त्या शहराची भर घालतात. आपली भर साडेपाच तास, कराचीची पाच. म्हणजे नोंद बिघडलेलीच नव्हती, फक्त दाखवणारा चष्मा चुकीचा होता. कोलकाता लावल्याबरोबर वत्सलाबाईंचे बावीसही दिवस जागच्या जागी सहा ते दोन झाले. मला तुम्हाला सांगता येत नाही किती हलकं वाटलं. मनात म्हटलं, एक बटण दाबायचं, खंडेरावांना कळवायचं की यंत्राची थोडी सफाई केली, नवीन अहवाल बघा. कोणाला काही कळणार नाही. बाई सुटल्या, मी सुटलो.

पण जानेवारीचं पान उघडलं आणि पुन्हा बाकावर बसल्यासारखं झालं. तेव्हा मी घड्याळ हाताने अर्धा तास पुढे केलं होतं ना? ते आतल्या मूळ नोंदीतच शिरलं आहे. आता शहर बरोबर केलं की १५ जानेवारी ते २ फेब्रुवारी, सुट्ट्या वगळून सोळा दिवस, वत्सलाबाई साडेसहाला आल्या आणि अडीचला गेल्या असं दिसतं. म्हणजे बावीस दिवस लवकर जाणारी बाई सोडवली तर सोळा दिवस उशिरा येणारी बाई हातात येते. (सुनील तर अकरा वाजता येतो.) मी सगळ्या खटपटी करून पाहिल्या. दिल्ली नाही, कोलंबो लावून पाहिलं, तेच. या सोळा दिवसांना बरोबर करणारं बटण त्या यंत्रात नाही. कुणीतरी तोंडाने सांगितल्याशिवाय ते दुरुस्त होत नाहीत.

तर असं आहे. तुम्ही तो प्रश्न विचारला नसता तर मी त्या कागदावर सही करून आयुष्यभर ताठ मानेने फिरलो असतो, आणि गंगापूर रोडवरून जाताना ते वसतिगृह दिसलं की कोणालाही सांगितलं असतं की इथे मी एक कामचुकार पकडली होती. त्यातून तुम्ही मला वाचवलंत. मला वाटायचं की मी कोणाकडून शिकलो नाही. पण अडतीस वर्षांत तुमच्याकडे जेवायला बसताना, तुमच्या गाड्यांच्या गोष्टी ऐकताना मी जांभया देत होतो तेव्हाही काहीतरी आत जात होतं, हे आता कळतं. याबद्दल मी मनापासून आभारी आहे. ताईचेही आभार, तिने पाणी तापवून हाक मारली नसती तर मी आणखी दहा मिनिटं बोललो असतो आणि तुमचा प्रश्न त्यात बुडाला असता.

गुडघ्याला जपा. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि फाइलमध्ये जागा कमी असेल तर हे पत्र घडी घालून लावा, चालेल.

तुमचा मेव्हणा,
नवनाथ

ता. क. संघर्ष म्हणतो तो उद्या सकाळी निघतोय, म्हणजे शुक्रवारी तुम्हाला पत्र मिळेल आणि शनिवार मधे मोकळा राहील. तेव्हा लिहूनच टाकतो. मी अजून खंडेरावांना काहीच सांगितलेलं नाही. यंत्र आजही कराचीवरच आहे. संगणकावर बघून झाल्यावर मी होतं तसं ठेवलं. सोमवारी सांगायला गेलो होतो, त्यांनी चहा मागवला आणि समितीतल्या एका पाहुण्याशी माझी ओळख करून दिली, "हे आपले नवनाथराव, यांच्या कामात एका मिनिटाचा फरक नसतो." मी चहा पिऊन परत आलो. मंगळवारी गेलोच नाही. बुधवारी गेलो तर ते बागेत होते, आणि खरं सांगायचं तर ते बागेत आहेत हे मला आधी माहीत होतं. तरी रविवारी तुम्ही येता का? कुठली गाडी धरायची हे मी तुम्हाला सांगणं बरोबर दिसणार नाही, पण साडेनऊपर्यंत नाशिक रोडला उतराल असं बघा, मी फलाटावर असेन. गुडघा दुखत असेल तर जिना टाळू, मी पलीकडून स्कूटर लावतो.

ता. क. २. तुम्ही तिथे काही बोलायचं नाही. बोलणार मीच. कागद तयार केला आहे, बावीस दिवस वेगळे, सोळा दिवस वेगळे, सुनीलचं पान वेगळं, आणि वर "माझे दि. ७ मार्चचे प्रमाणपत्र मी मागे घेत आहे, चूक यंत्राची नसून माझी आहे" असं एक वाक्य. ते वाक्य मी घरी चारदा मोठ्याने वाचलं. तीनदा "माझी आहे" च्या आधी इंटरनेटबद्दल काहीतरी बोलायला लागलो. संजनाने दर वेळी थांबवलं, पण तिला समितीत येऊ देणार नाहीत. तुम्ही नुसतं शेजारी बसा. तुमच्यासमोर मला गोल गोल बोलता येत नाही.

ता. क. ३. पाकीट बंद करण्याआधी वाटलं की बाईंना तरी आधी सांगावं, म्हणून आत्ता जाऊन आलो. (निघालो ४.५५, पोहोचलो ५.१०. दुपारी दोनला सुटल्यावर त्या जवळच मुलीकडे असतात, पत्ता वॉचमनने दिला.) अंगणात गहू निवडत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, कराची, केबल, बावीस दिवस, सोळा दिवस. त्यांनी मला बसायला पाट दिला, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही अडवलं नाही. मग सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "मी दोनला निघते हे मला काय सांगता, भाऊ? मला ठाऊकच हाय. तिथं सांगा."